इथे माईक बंद पडला

पहाटे साडेचारला बाकांवर माणसं नसतात,
माणसांच्या ऐवजी ठेवलेल्या वस्तू असतात:
फाटकी वही, एक चप्पल, विटेचा तुकडा,
कुणाची तरी नमाजाची टोपी.
मबान्यिकचा शिंपला असायचा.
त्याच्या खाडीतल्या गावात म्हणे रस्तेसुद्धा शिंपल्यांचे,
सुट्टीवरून येताना तो खिसाभर घेऊन यायचा
आणि डाकारच्या या हॉलमध्ये, पुढून तिसऱ्या रांगेत,
एक पालथा घालायचा.

त्या जागेवर बसायचे मी.

हॉल अठराशेंचा, हजेरीपट पाच हजारांचा.
तो बाहेर, खिडकीखाली, कडुनिंबाला पाठ टेकून.
"मला बाहेरूनच नीट ऐकू येतं," म्हणायचा,
"आत सगळे श्वास घेतात."

ठरलेलं असं होतं:
माझं अक्षर कोंबडीचे पाय, पण कान तिखट;
त्याचं अक्षर मोत्यासारखं.
मी ऐकायचं, त्याने लिहायचं,
आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्यात
चहाच्या तीन फेऱ्या होईपर्यंत
माझ्या कानांनी त्याच्या वहीतली भोकं बुजवायची.
पहिला चहा कडू, दुसरा बरा,
तिसऱ्याला नुसती साखर.
त्याच्या खोलीत खाटा दोन आणि माणसं सात,
झोपेलासुद्धा पाळी,
त्यामुळे त्याला घाई कधीच नसायची.

मार्चमधल्या त्या गुरुवारी
प्राध्यापक दियेमे 'दायित्व' शिकवत होते.
देणं कोणकोणत्या प्रकारे संपतं.
पहिला प्रकार सांगून झाला, दुसरा झाला,
आणि माईकने मान टाकली.
सर थांबले नाहीत. ते कुठे कुणासाठी थांबतात!
तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज येत होता,
मी सगळं ऐकलं.

संध्याकाळी मी जिन्यात गेले नाही.
शिष्यवृत्ती आल्याची आवई उठली होती,
बँकेबाहेर रात्री दहापर्यंत उभी राहिले.
आवईच ती.
दुसऱ्या दिवशी संप, मग सुट्टी, मग पुन्हा संप,
आणि ते पान तसंच राहिलं.

इथे परीक्षेच्या संधीला काडतूस म्हणतात.
मोजून मिळतात.
त्याच्याजवळ एकच उरलं होतं.

जूनमध्ये प्रश्न आला.
कुठला आला असेल, ते सांगायला हवं का?
मी चार पानं लिहिली, पुरवणी मागून घेतली.
तो माझ्यापासून बराच पुढे बसला होता,
दुसऱ्या कुणी न धरलेल्या, नंबर घातलेल्या जागेवर.
आयुष्यात पहिल्यांदाच हॉलच्या आत.
पाठ दिसत होती. हात दिसत नव्हता.

निकालाच्या भिंतीवर तारेची जाळी असते,
तिच्यातून बोट घालून त्याने आधी माझं नाव शोधलं.
"सिगा एनदोंग," मोठ्याने वाचलं,
आणि मागचे लोक ढकलत होते म्हणून
बाजूला झाला.

आता फाटकासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे.
दुकान म्हणजे छत्री, मशीन आणि उधारीची वायर.
सगळ्यात जास्त खपतात त्याच्याच नोट्स.
पानाला पंधरा फ्रँक.
माझ्याकडूनही घेतो. "दोस्ती वेगळी, टोनर वेगळा."

परवा धाकट्या भावासाठी मी तो गठ्ठा घेतला.
एकशे बाराव्या पानावर चहाच्या पेल्याचं वर्तुळ,
झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये फिकट झालेलं,
आणि समासात मोत्यासारख्या अक्षरात:
*इथे माईक बंद पडला. सिगाला विचारणे.*

दरवर्षी आठशे पोरं हे पान विकत नेतात.
आठशे दप्तरांत माझं नाव.
विचारायला अजून एकही आलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, आण ती मूळ वही,
दोन ओळी आहेत, आत्ता लिहून देते.
गिऱ्हाईक उभं होतं.
त्याने मशीनचं झाकण लावलं,
हिरवा उजेड त्याच्या मनगटावरून सरकत गेला.
म्हणाला, "चहा ठेवलाय.
पहिला कडू लागेल. बस."

बसायला स्टूल एकच होतं,
आणि त्याच्यावर शिंपला.