तिरकी खुंटी

बामणोलीच्या अलीकडं, जिथं रस्ता पाण्यात उतरायला बघतो,
तिथं आम्ही गाडी उभी केली.
शाळेची व्हॅन होती ती आधी.
पिवळ्यावर पांढऱ्याचे दोन हात मारलेत,
तरी उन्हं कलली की अक्षरं वर येतात आतून:
विद्यार्थी वाह.
पुढचं दार बदललेलं आहे.

अंकुश सपकाळ म्हणाले, याआधी?
भूपाल म्हणाला, कुपवाडला. फाउंड्रीत, एकोणीस वर्षं.
मी म्हणाले, द्राक्षाच्या पॅकिंगला.
आता?
आता गाडीत.
त्यांनी गाडीकडं बघितलं, मग आमच्याकडं, परत गाडीकडं.
आठ दिवस बघू, म्हणाले.
जांभळीखाली जागा, एक प्लग, दोन वेळचं जेवण,
शनिवार-रविवारचे सातशे, दोघांत.
'दोघांत' हा शब्द मी दोनदा ऐकला.
ते एकदाच म्हणाले होते.

खुंटी सरळ मारायची नसते.
हे मला हौसाबाईनं शिकवलं, भाकरीच्या पिठाचा हात तसाच ठेवून.
खाली जांभा आहे, राजमती, तो ऐकत नाही.
तिरकी मार. डोकं तंबूपासनं लांब,
रुसल्यागत.
मग किती का वारा येईना.

शुक्रवारी चौदा तंबू, शनिवारी एकतीस.
पुण्याची पोरं विचारतात, काका, नेटवर्क कुठं आहे?
भूपाल हात करतो टेकाडाकडं,
एकोणीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला हात,
त्यावर अजून केस उगवत नाहीत.
दहाला स्पीकर बंद करायला सांगायचं, ते माझ्याकडं.
पहिल्यांदा घसा खाकरून बघितला.
दुसऱ्यांदा वायर काढली.
संडास सकाळी सहाच्या आत.
एका झोपायच्या पिशवीत सापडला
कुणाचा तरी दात, दुधाचा, कागदात बांधलेला.
तो मी ठेवलाय. फोन येईल म्हणून.

दिवस मावळायच्या आत जेवायची आमची रीत.
इथं जेवण सुरू होतं नवाला,
निखाऱ्यावर कोंबडी, त्याचा धूर थेट जांभळीखाली.
दोन दिवस मी चुरमुरे खाऊन झोपले.
कुणाला काय सांगायचं, नवीन माणसानं?
तिसऱ्या दिवशी पाच वाजता
व्हॅनच्या टपावर झाकलेली थाळी होती.
भाकरी, वांगं. कांदा नाही, लसूण नाही.
हौसाबाई लांब भांडी घासत होती, पाठ करून.

मग रजिस्टर आलं, कामगारांचं.
नाव, वय, कायमचा पत्ता.
कुपवाडची खोली आता दुसऱ्यांची आहे,
त्यांनी दाराला तोरणसुद्धा बांधलंय.
भूपालनं पेन तोंडात धरला, काढला,
आणि गाडीचा नंबर लिहिला. एमएच दहा, पुढं सगळा.
सपकाळांनी वाचलं.
मला वाटलं खोडतील.
त्यांनी हनुवटीनं पाणी दाखवलं, पार मधोमध.
आमचा तिथं हाय, म्हणाले.
मे महिन्यात उंबरा उघडा पडतो.
आणि रजिस्टर काखेत मारून गेले जनरेटर बघायला.

सोमवारी तळ रिकामा.
गवतावर तंबूंचे चौकोन, फिके, एकतीस.
रस्त्यावर एक पोरगं उभं, पाठीला दप्तर,
हात पुढं केलेला, गाडीला करतात तसा.
उन्हं अजून तिरकी होती. त्यानं अक्षरं वाचली असणार.
भूपालनं दार सरकवलं.
ते आत चढलं, गादीवर बसलं,
स्टोव्ह बघितला, दोरीवरचं माझं लुगडं बघितलं.
हितं कोण झोपतंय?
आम्ही, मी म्हणाले.
त्यानं थोडा विचार केला.
मग ही शाळेत पोचती कधी?

आठवा दिवस होता तो.
कुणी काही बोललं नाही, आम्हीही नाही.
भूपालनं गिअर टाकला.
मागं पातेली वाजली, सगळी एकदम.