अक्षराला पाचशे

सोरच्या बाजारात पाट्या रंगवतो मी, बिरान.
अक्षराला पाचशे फ्रँक. टिंबाचे पैसे घेत नाही.
न्हाव्याच्या भिंतीवर डोकी काढलीत,
दाताच्या वैद्याकडे दात,
कोळ्यांच्या होड्यांना डोळे.
पण तेनिंगच्या दुकानानं
माझा अख्खा फेब्रुवारी खाल्ला.

पहिल्यांदा आली ती वही घेऊन.
‘पॅरिसची राणी’, तेही फ्रेंचमध्ये.
मी बोटांवर अक्षरं मोजली
आणि मनातल्या मनात तांदूळ-मासळी घरी नेली.
दुसऱ्या दिवशी म्हणते, नको.
पॅरिस मी पाहिलं नाही,
आणि राणीनं उधारी मागायची कशी?

मग आईचं नाव.
आई फोनवर कडाडली :
माझ्या नावाखाली उभ्या राहून
परक्या बायका झंपर उतरवून बघणार? खबरदार!

मग थोरल्या सवतीनं सुचवलं, ‘धीर’.
चांगलं आहे, मी म्हटलं. अक्षरंही कमी.
तेनिंग इतकी हसली की शेजारचा सायकलवाला बाहेर आला.
तिनं दिलेला धीर
मी रोज सकाळी दारावर वाचायचा?

नवऱ्यानं स्वतःचं नाव सुचवलं.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

फळी तशीच, भिंतीला टेकून.
दोन हात पांढरा दिला होता,
त्यावर कोंबडीची पावलं उमटली. तिसरा दिला.

तिची आधीची दोन दुकानं मला माहीत होती.
पहिलं नदीनं नेलं.
नेलं म्हणजे, पाणी आत शिरलं, रंग सुटले,
आणि एका रात्रीत सगळे तागे एकाच रंगाचे झाले.
दुसरं भागीदारणीनं,
शिलाई मशिनीसकट, पहाटेच्या दाकार गाडीत.
दोन्ही नावं सुंदर होती.
फार सुंदर होती, ती म्हणायची,
जसं काही चूक तिथंच झाली.

शेवटी आली ती वही न घेता.
म्हणाली, लिही : सगर.

आमच्या भाषेत सगर म्हणजे चिंधी.
शिंप्याच्या पायाखाली पडते, संध्याकाळी झाडूनं जाते, ती.
ज्या बाईची लेकरं जगत नाहीत
ती पुढच्या पोरीला हे नाव ठेवते.
मरण दाराशी येतं, हाक कानावर पडते,
चिंधी कोण उचलून नेणार, म्हणतं,
आणि पुढचं घर बघतं.

अगं पण कपड्यांचं दुकान हे!
पाटीवर चिंधी वाचून कोण चढेल पायरी?

जिला शिवण बघायची ती चढेल, म्हणाली.
मग हातातल्या किल्लीशी खेळत राहिली.
माझ्याआधी दोन भाऊ गेले, बिरान.
तेनिंग हे शाळेतलं.
आई अजून मला त्याच नावानं हाक मारते.
अडतीस वर्षं झाली.
बघ. आहे.

पाच अक्षरं. अडीच हजार.
सुबक काढू नकोस, एवढंच बजावलं.
आता चाळीस वर्षं सरळ रेघ मारलेला हात,
तो काय ऐकतोय.
दोनदा पुसलं. मग ब्रश डाव्या हातात घेतला.
शेवटचं अक्षर असं लंगडलं
की भिंत नसती तर पडलंच असतं.
हे छान, म्हणाली,
आणि छान नाही म्हणून पाचशे कापले.

परवा पुलावरून एक लग्न गेलं.
बारा बायका, खळ घातलेल्या निळ्या कापडात,
गळ्याशी तिच्याच हातची वेल.
चालताना कापड कागदासारखं वाजत होतं
आणि ऊन त्यांच्या अंगावर ठरत नव्हतं.
सायकलवाला हातातलं चाक विसरला.
काय कपडे आहेत, म्हणाला.

मी जरा मोठ्यानंच बोललो,
वर कुणी कान लावून बसलं असेल
तर त्यालाही जावं, इतक्या मोठ्यानं :
कपडे कसले?
चिंध्या आहेत.