गादी

बेचाळीसच्या श्रावणात माझ्याकडं काम एवढंच :
शिक्क्याची गादी सांभाळायची.
पत्र्याची डबी, आत निळी फ्लॅनेल,
वाळली की दोन थेंब पाणी, वर फुंकर.
अर्ज नानाच्या हातात. नाना माझा चुलता.
गंगावेशीपासनं पापाच्या तिकटीपर्यंत
पुढं तो, मागं मी, अनवाणी, वय बारा.

'साहेबानं आता जावं' असा मजकूर.
करवीरच्या गादीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.
मी विचारलं तर नाना म्हणाला, डबी नीट धर.

दादू मुजावर बगदादेला जाऊन आलेला,
डाव्या मांडीत अजून शिसं.
"पेन्शन साडेपाच रुपये.
साहेब गेला तर मनीऑर्डर कोण धाडणार, तुझा नाना?"
नाना बोलला नाही.
दादूनं आम्हांला बशीतनं चहा पाजला
आणि पोष्टमन येतो त्या बोळाकडं बघत बसला.

शाहूपुरीत बाळगोंडाशेठनी मोडीत झोकदार सही ठोकली.
लष्करानं वाघिणी उचलल्या होत्या,
वखारीत गुळाचे रवे पाझरत होते,
मुंग्यांची रांग पार गल्ल्यापर्यंत.
"वाघिणी असत्या तर सही केली असती का?" नानानं विचारलं.
शेठ हसले. गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

गंगव्वा भाजीची पाटी उतरवून म्हणाली,
"मी काय वाचतो व्हय? पोरगा बसऱ्याला हाय.
ह्या कागदानं घरला येतोय काय, तेवढं सांग."
सांगायच्या आधीच तिनं अंगठा उठवला.
मेथीची माती शाईत मिसळली,
अंगठ्याच्या रेषा काही उमटल्या नाहीत.

यशवंता सातपुते पलटणीचे बूट शिवत होता.
आम्ही उंबऱ्याबाहेर उभे. त्यानं आत या म्हटलं नाही,
आम्हीही गेलो नसतो.
"साहेब मला हिरीवर अडवत न्हाई," तो म्हणाला,
"तुमची आळी अडवती.
त्यो गेला की हिरीची किल्ली कुणाकडं?"
"आधी हे तर होऊ दे, यशवंता."
"माझ्या बापालाबी कोणतरी 'आधी' म्हणालं हुतं."
बोलता बोलता त्याची नजर माझ्या पायांवर.
मग म्हणाला, आण ती गादी.
अंगठा मजकुराखाली नाही, समासात उठवला.
"हितं ल्ही : हिरीसकट."

नानानं लिहिलं. मी पाहिलं.
रात्री कंदिलापाशी स्वच्छ प्रत काढताना
तो शब्द राहिला.
जागा पुरत नव्हती, असं म्हणाला.

हे लिहायला नको, पण लिहितो :
त्याच आठवड्यात माझे वडील, रेसिडेन्सीतले कारकून,
मानपत्रासाठी अंगठे गोळा करत होते.
साहेबाची कृपादृष्टी अशीच राहो, वगैरे.
घरात गादी एकच.
सकाळी त्यांची, दिवेलागणीला नानाची.
दोघं एका पंगतीला जेवायचे,
आमटी वाढ म्हणायचे, बाकी गप्प.
वडिलांना उद्याची भाकरी दिसत होती,
नानाला काय दिसत होतं, मला नाही माहीत.
तो बिनलग्नाचा होता.

मानपत्रावर तिसरा अंगठा मातीचा होता,
रेषा न उमटलेला.
मी तो ओळखला, कुणाला सांगितला नाही.

दसऱ्याला यशवंताचं पोरगं
कागदात गुंडाळलेलं काहीतरी ओट्यावर ठेवून पळालं.
वहाणा. माझ्या मापाच्या. माप कधी घेतलं कोण जाणे.
आईनं तांब्याभर पाणी ओतलं त्यांच्यावर,
मग हात लावला.

ओलं कातडं करकरत नाही.
आठ दिवस मी गंगावेशीतनं
आवाज न करता चाललो.