इतिवृत्त

विनिपेग. महापालिकेचं सभागृह.
विषय क्रमांक सात: कोपऱ्यावरच्या भूखंडांना
चार मजल्यांची परवानगी.
बाहेर उणे एकतीस. आत हीटर जरा जास्तच.

बोलायला तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
मी टिपून घेते. चोवीस वर्षं हेच.

मेपलवुड रस्त्यावरचे ऑर्विल फ्रीझन म्हणाले,
चार मजल्यांची सावली
त्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यावर पडेल.
फोटो आणले होते, जुलैमधले.
छान होते टोमॅटो.

मग व्हर्ना केकेगॅमिक.
तिच्या अर्जात पत्त्याचा रकाना कोरा,
आणि कोरा चालत नाही;
दारात मीच तिला तसं सांगितलं होतं.
तिनं माझंच पेन मागून घेतलं, लिहिलं:
पुलाखाली, तिसरा खांब, नदीकडची बाजू.

माइकपाशी ती बराच वेळ
फ्रीझनकडे बघत राहिली. पिवळा लागला.
म्हणाली, "सावली पडणार म्हणजे
भिंत असणार ना?
मग कुठे पडेल तेवढं नक्की सांगा."
एवढंच.
लाल दिव्याला अजून पस्तीस सेकंद होते.
ते कुणीच वापरले नाहीत.

ठराव पुढच्या महिन्यावर गेला.
जातोच.

रात्री इतिवृत्त टंकताना बोटं अडली.
'बेघर महिला' हे शब्द तयारच असतात,
एक कळ दाबली की उमटतात.
खोडले. लिहिलं:
रहिवासी, तिसरा खांब.

बरं वाटलं. घरी आले, दिवा मालवला,
आणि मग लक्षात आलं:
पत्ता नोंदला गेला
की नोटीसही तिथेच पोचते.