येण्याचं कारण

बावीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला,
काचेआडून, विमानतळावर, दिवसाला तीनशे वेळा:
येण्याचं कारण?
उत्तर कमी ऐकायचे. बोटं बघायचे.
खोटं बोलणाऱ्याची बोटं पासपोर्टचा कोपरा कुरतडतात.
खरं बोलणाऱ्याचीही.

आता डेली सिटीत वरची खोली भाड्यानं देते.
धुकं फुकट.

ऑगस्टात ताम्ता आली, जॉर्जियातल्या कुताईसीहून.
एक सुटकेस, एक लॅपटॉप,
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेलं एक यंत्र:
त्यांच्याकडे वाइनचे रांजण जमिनीत पुरतात म्हणे,
द्राक्षं फसफसताना एखाद्याला ताप चढला
की हे फोनवर कळवतं.
‘माझी कंपनी,’ ती म्हणाली, मोजा सोडत.

फ्रिजवर तिनं वकीलबाईंचा कागद लावला
माझ्या नातवाच्या डायनासोरशेजारी.
भेटता येईल. परिषदेला जाता येईल.
करार वाचता येईल, घासाघीस करता येईल, सहीसुद्धा.
पैसेवाल्यांची दारं ठोठावता येतील.
काम करता येणार नाही.
पगार घेता येणार नाही,
स्वतःच्या कंपनीकडूनही नाही.

‘पण काम म्हणजे नक्की काय?’
तिनं विचारलं, बशी विसळता विसळता.
मी बशी तिच्या हातातून काढून घेतली.
गंमत केली होती.
ती हसली नाही.

नियम मला तोंडपाठ.
त्याची शिवण कुठून जाते
हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.
अंघोळ करताना सुचलं, तर?
झोपेत चूक सापडली, तर जागं व्हायचं की नाही?

ऑक्टोबर. तिकडे द्राक्षतोडणी.
रात्री दोनला भिंतीपलीकडून पुटपुटणं.
एक शब्द कळेना, पण ताल ओळखीचा:
इलोकोसला वादळ चढून आलं
की आई असेच रोझरीचे मणी ढकलायची.
मी दार लोटलं.
लॅपटॉप मिटलेला. फोन उशीवर.
ताम्ता पलंगावर ताठ, डोळे बंद,
दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले,
जसे दुसऱ्या कुणाचे असावेत, आणि ओढाळ.

सगळे रांजण एकदम गप्प झाले होते.
पलीकडे भाऊ झुराब, त्याच्या बोटांना ही सांगत होती:
कंस उघड. तो नव्हे, महिरपी.
स्वल्पविराम. खाली ये. चार जागा सोड.
(हे तिनं नंतर मला समजावलं,
तेव्हाही हात खिशात.)

‘मी फक्त बोलतेय,’ ती म्हणाली. ‘हे काम नाही ना?’

मी मान हलवली असती तर तो निकाल झाला असता.
‘मी निवृत्त आहे,’ म्हटलं,
आणि खाली जाऊन आलं किसलं.
पाणी उकळेस्तोवर वर एक किंकाळी. आनंदाची.
अठ्ठावीस रांजण बोलू लागले होते.

नोव्हेंबरात पालो आल्टोच्या एका गृहस्थानं पैसे लावले.
कंपनीच्या खात्यात चार लाख डॉलर,
आणि ही माझ्या टेबलावर
बसची चिल्लर रचत बसलेली, पाच-पाच सेंटांची चळत.
मी भाडं आठवडाभर मागितलं नाही.
ते मदत होती की विसरणं,
कागदावर त्याचाही उल्लेख नव्हता.

जानेवारीत निघाली. मुदतीचे एकोणीस दिवस शिल्लक ठेवून,
जसं पाहुण्यानं ताटात शेवटचा घास ठेवावा.
‘पुन्हा आले तर काय सांगू? येण्याचं कारण?’
‘खरं ते सांग,’ मी म्हणाले,
आणि लगेच वाटलं, हे मी काचेआडूनच बोलले.

तिचा कागद अजून फ्रिजवर आहे.
नातवानं परवा त्याच्या कोपऱ्यात रांजण काढला,
पोट सुटलेला, तोंडात थर्मामीटर.
हात काढायचे राहिले, म्हणाला.
मग काढलेही नाहीत.