नवसागर

काळी, शंकरपाळ्याच्या आकाराची,
नखाएवढी गोळी.
फिनलंडच्या वरच्या अंगाला, केमी बंदरात
तिला सालमियाक्की म्हणतात.
आत ज्येष्ठमधाचा अर्क, वरून नवसागर.
तोच, ज्याची चिमूट तापल्या पातेल्यात पडली
की पांढरा धूर उठायचा
आणि कल्हई धरायची.

नावात नऊ समुद्र.
टाउनोने एकच पाहिला,
तोही गोठलेला.

पहिल्यांदा खाणारा थुंकतो.
चार वर्षांच्या टाउनोच्या जिभेवर
काकाने गंमत म्हणून ठेवली,
आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले.
त्याने हात पुढे केला :
अजून.

मग एकतीस हिवाळे
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या पोटात, इंजिनाशेजारी.
जिथं बोललेलं ऐकूच येत नाही
तिथं तोंडाला दुसरं काम काय?
सिगारेट आपण होऊन सुटली,
दारू हेल्वीने सोडवली,
डबी राहिली.
हेल्वी गेली.
डबी राहिली,
कोटाच्या खिशात, पावलागणिक वाजणारी.
शेजारचं म्हातारं कुत्रं
त्याला त्या आवाजावरून ओळखतं.
डोळे त्याचे कधीच गेलेत.

आता टाउनोचे पाय सुजतात.
मोजे उतरवले की घोट्यावर
विणीची नक्षी तशीच राहते, तासभर.
दिवसाला डबीभर गोळ्या
आणि रात्री पोटरीत गोळा.

आरोग्यकेंद्रातली वेएरा पंचविशीची.
दंडाचा पट्टा फुगवते, आकडा बघते,
पुन्हा फुगवते.
एकशे ब्याण्णव.
मीठ?
बेताचं.
दारू?
नाताळला.
गोड?
गोड मी खात नाही, टाउनो म्हणतो,
अगदी मनापासून,
आणि कोट सावरताना
खिसा वाजतो.

ती डबी टेबलावर उघडून ठेवते,
एखाद्या लहान मुलाच्या खिशातून निघालेल्या
बेडकासारखी.
समजावते :
ज्येष्ठमध शरीराच्या कानात खोटं सांगतं.
मीठ धरून ठेव, पाणी धरून ठेव,
पोटॅशियम जाऊ दे.
आणि शरीर बिचारं सांगकाम्या,
साठवत बसतं.
महिनाभर एकही नको. मग बघू.
केळं खा. ब्लूबेरी खा.
काही चघळायलाच हवं तर
राईच्या पावाची कड.

टाउनो ऐकतो,
रेडिओवरचं वाऱ्याचं भाकीत ऐकावं तसं.
बोलत काहीच नाही.
या गावात गप्प राहणं म्हणजे नकार नव्हे.
होकारही नव्हे.

दुसऱ्या दिवशी टपरीवर
इर्मेलीने न विचारता डबी पुढे सरकवली.
त्याने ती परत सरकवली.
तिने असं पाहिलं त्याच्याकडे,
जसं बंदरच बंद झालं.
मग म्हणाली, केळी आहेत. जरा डागाळलीत.
त्याने एक घेतलं,
तिथंच उभ्यानं खाल्लं,
हातमोजा न काढता.
कसं आहे?
मऊ, तो म्हणाला.
तक्रार होती ती.

पहिला आठवडा वाईट गेला.
डोकं ठणकलं.
कपाटातला खोकल्याच्या औषधाचा वास
त्याने दोनदा घेतला,
आणि दोन्ही वेळा बूच लावलं.
ब्लूबेरीने जीभ निळी झाली.
आरशात बघून हसूही आलं,
पण ते सांगायला घरात कोण?

एक मात्र झालं.
तो जिना उतरायचा आणि
कुत्रं दाराशी पडून राहायचं.
कान हलत नव्हता.
दहा दिवस असाच गेला तो समोरून,
अनोळखी माणसासारखा.

गुरुवारी सूपासाठी वाटाणे भिजत घालताना
मूठभर कोरडेच त्याने
रिकाम्या डबीत ओतले.
झाकण दाबलं. हलवून पाहिलं.
चार काढले. पुन्हा हलवलं.

महिन्याने आकडा एकशे छप्पन्न.
वेएरा हसली, मग तिचा चेहरा पडला,
कारण खिसा वाजला.
त्याने डबी उघडून दाखवली.
वाटाणे.
आणि त्यांत एक काळी.
ही?
ही खायची नाही, टाउनो म्हणाला.
आवाज बसत नव्हता.

बाहेर समुद्र अजून घट्ट.
जिन्याखाली कुत्र्याने मान उचलली,
ऐकलं, थबकलं,
परत ऐकलं.
मग उठायला लागलं,
आधी पुढचे पाय,
मग, सवडीने, मागचे.