एक शून्य कमी

डिसेंबरात तार्तूला साडेआठ वाजले तरी उजाडत नाही.
उर्वे बुटांवरचं बर्फ झटकते, कोट अडकवते
आणि बारा कुप्यांतला एकेक थेंब
नव्या साखरपाण्यात सोडते.
उरलेल्यांना ओतून देते.
आधी उकळून, अर्थात. तसा नियम आहे.

दिवसाला सहा-साडेसहा पिढ्या.
एकोणीस वर्षांत चाळीस हजारांवर गेल्या तिच्या हातून.
तिच्या स्वतःच्या घरात तेवढ्यात एकच,
ती टॅलिनमध्ये ट्राम चालवते.

सातव्या कुपीचं बिनसलंय
हे आधी तिलाच दिसलं.
औषध घातलेल्या थाळीवर
बाकीच्यांचे दोन-तीन ठिपके उमटत,
कधी एकही नाही.
सातवीचे मोजता मोजता तिनं पेन खाली ठेवलं.
काल्यू म्हणाला, हात धुतले होतेस ना?
ती बोलली नाही. पुन्हा थाळ्या ओतल्या.
पुन्हा तेच. गोवर उठल्यासारखी थाळी.

नक्कल उतरवताना अक्षर चुकलं
तर मागून येऊन ते खोडणारं एक प्रथिन असतं.
सातवीतल्या कुणा एकीचं ते मोडलं होतं.
म्हणजे चूक झाली ती
चुका धरणाऱ्याच्याच नावात.

उर्वेची आई, साल्मे, मुद्रितं तपासायची,
जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची, सोव्हिएत काळात.
एका हिवाळ्यात तिची छाती भरली
आणि महिनाभर बदली कुणी आलं नाही.
मंत्र्याच्या आडनावातलं अक्षर गळालं,
थंडीची लाट उन्हाळ्याच्या पानावर गेली,
मेलेल्या फोरमनला बढती मिळाली.
आणि त्या कागदात नुसते मासे बांधणारे लोक
ओळ न् ओळ वाचू लागले.
एका अंकात बटाट्याच्या उत्पादनातलं
एक शून्य पडलं.
तो आकडा, गावातली माणसं हळू आवाजात म्हणाली,
पहिल्यांदाच बरोबर आलाय.

साल्मे कामावर परतली. शून्यही परतलं.

काल्यू फळ्यासमोर स्वतःशीच भांडतो:
बहुतेक चुका मारतात, मग चुकायची खोड टिकते कशी?
लाखांतली एखादी चूक
साखर झटकन उचलायला शिकते, पुढे धावते,
आणि ते मोडकं प्रथिन तिच्या पाठीला बांधलेलं असतं.
गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.
नळ्याला ना देवाची ओढ,
ना पुढच्या मुक्कामाचा पत्ता.

मग, आणखी सहा हिवाळ्यांनी,
सातवीचे ठिपके विरळ झाले.
मोडलेलं तसंच मोडकं. सांधलं कुणी नव्हतं.
भलतीकडेच कुठेतरी एक बारीक चूक झाली होती
जिनं गळती अर्ध्यावर आणली.
साखरेशी जुळायचं तेवढं जुळून झालेलं;
आता चुकांचा नुसता खर्च चालू होता.

लेक फोनवर विचारते,
मग किती चुकायचं हे ठरवतं कोण?
उर्वे थांबते. बटाटे सोलत असते.
कुणी नाही गं. ज्या मेल्या त्यांनी ठरवलं.

मग एकदम शून्यावरच का नाही येत?

शेवटची चूक धरायची
तर प्रत्येक अक्षरापाशी थबकायला हवं,
तोवर शेजारीण दोनदा विभागलेली असते.
आणि इतक्या बारीक अचूकपणाचा फायदा
चाळणीच्या भोकातून खाली पडतो,
दिसतच नाही कुणाला.
हे सगळं ती लेकीला सांगत नाही. म्हणते,
परवडत नसेल.

आई परतल्यावरचे अंक
उर्वेनं एकदा ग्रंथालयात काढून पाहिले होते.
स्वच्छ. मंत्री जागच्या जागी, मेलेले मेलेले.
फक्त दर ऑक्टोबरात, पिकांच्या पानावर,
आकड्यांच्या एखाद्या रांगेवरून
आईची नजर जरा भरभर गेली असावी
असं तिला वाटलं.
विचारायचं राहून गेलं.

उणे ऐंशीचा फ्रीझर उघडतो, वाफ येते.
ती आजच्या नळीवर तारीख लिहिते,
वर्ष चुकते, अंगठ्यानं पुसते,
पुन्हा लिहिते.